झाकण

आमच्या विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दीडला, नाहीतर पहाटे.
म्हणून घरात जे जे पोकळ आहे ते भरून ठेवायचं:
निळं पिंप, घागरी, बादल्या, कुकर,
लग्नात आलेला लाडवांचा डबासुद्धा.
खोली दहा बाय बारा.
तिच्यात आधी पाणी राहतं, मग आम्ही.

लास्या रांगायला लागली
आणि मी पहिल्यांदा पिंपाकडे घाबरून पाहिलं.

पलीकडच्या गल्लीत, नाव घेत नाही,
एका बादलीत, वीतभर पाण्यात...
त्या बाईची बादली अजून उपडीच असते.
पाण्याच्या दिवशीही.

मग एक दुपार मी गुडघ्यांवर घर फिरले.
हसू नका. अंबादास हसला,
आणि बघायला खाली वाकला तर त्याच्याच कपाळाला
शिलाई मशीनचा कोपरा लागला.
खालून घर वेगळंच असतं.
टेबलफॅनची जाळी तोंडाशी येते.
शेगडीवरचे दांडे सगळे हाका मारतात.
चादरीचा लोंबता काठ म्हणजे दोरीच,
ओढली की वरची इस्त्री खाली.
कॉटखाली भिंतीच्या फटीत उंदराच्या औषधाची पुडी निघाली,
आधीच्या भाडेकरूची असणार.
चार वर्षं आम्ही तिच्यावर झोपत होतो.

अंबादासनं कारखान्यातून रिजेक्ट टॉवेलचे तुकडे आणले,
गुलाबी, पोपटी, एकावर अर्धाच मोर,
आणि कोपऱ्याकोपऱ्याला सुतळीनं बांधले.
कपाट आता दाढ दुखणाऱ्या माणसासारखं दिसतं.
खालच्या बोर्डावर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठोकला:
तिथं कायमचा फेब्रुवारी.
पिंपाला झाकण. झाकणावर वरवंटा.
रात्री झोपेतून उठून बसले,
वरवंटाच तिनं ओढला तर?
वरवंटा काढला. सायकलची फाटकी ट्यूब गुंडाळून
झाकण असं आवळलं
की सकाळी मलाच उघडेना.

राहिलं माझं सूप.

हजार विड्या म्हणजे तंबाखू, पानं, दोरा, कात्री,
आणि मांडी दिवसभर अडकलेली.
ते कुठं झाकू? त्याच्यावर तर घरात दूध येतं.
माझ्या डाव्या तळहातावर एक पांढरी रेघ आहे,
अम्माच्या कात्रीची. मी तेव्हा दीड वर्षाची.
अम्मा म्हणायची, भाग्याची रेघ आहे ती.
दुसरं काय म्हणणार?

कात्री खुंटीला गेली. काम सुरू झालं की खाली येते.
म्हणजे गेली असं नाहीच.

म्हणून मी एक शब्द राखणीला बसवला, जागोजागी.
वद्दु.
शेगडीपाशी वद्दु. पिंपापाशी वद्दु.
कात्रीपाशी तीनदा.
मराठीतलं नकोच, पण त्याहून जरा जड,
ओठाला दात लावून सुरू होणारं.
त्या महिन्यात तिच्याशी दुसरं काही बोलल्याचं
मला आठवत नाही.

काल लास्या उभी राहिली.
अर्ध्या मोराचा कोपरा धरून, डुलत.
आणि पहिला शब्द बोलली.
अम्मा नाही, नान्ना नाही.

मी तंबाखू चाळत होते. ठसका लागला,
रोजचाच, मी मोजतही नाही.
ती बघत होती.
एक हात मोरावर,
दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडे, माझ्या मांडीकडे.
वद्दु.

अजून दोनशे विड्या व्हायच्या होत्या.
त्या मी भिंतीकडे तोंड करून वळल्या.